रिझर्व्ह बँकेंतून अर्थखात्यांत

नवा अर्थमंत्री अधिकारावर आला म्हणजे सामान्य गृहस्थाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो करांचा. प्राप्तीवरील कर वाढेल काय, साखर महागेल काय, टपालाचा दर चढेल काय, एवढ्याच मापानें तो त्या मंत्र्याला मोजूं लागतो. हें माप अगदींच खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. अंदाजपत्रक वर्षांतून एकदां येतें. त्यामागची दृष्टि मात्र मंत्र्याच्या आयुष्यांत पुष्कळ आधीं घडलेली असते. तो कोणत्या घरांतून आला, कोणत्या कामांत त्याचे केस पिकले, कोणती आपत्ति त्यानें जवळून पाहिली, यांवर त्याचा हात कोठें सैल सुटेल आणि कोठें आखडेल, हें बरेंचसें ठरत असतें. स्वतंत्र भारताचे तिसरे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

१९५० सालच्या मध्यास देशमुखांनीं अर्थखात्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. त्या वेळीं त्यांच्याकडे पाहतांना दोन शंका मनांत येणें स्वाभाविक होतें. पहिली अशी कीं, ज्याचें तरुणपण व मध्यवय इंग्रजी अमदानींतल्या सनदी नोकरींत गेलें, ज्याला त्या सरकारनें १९४४ सालीं ‘सर’ हा किताब दिला, जो कधीं तुरुंगांत गेला नाहीं कीं निवडणुकीस उभा राहिला नाहीं, त्याला लोकांच्या सुखदुःखाची नाडी कितपत कळणार? दुसरी शंका नेमकी उलट बाजूची. मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नराचा धर्म हात आखडता घेण्याचा. आणि देश तर मोठमोठीं धरणें, कालवे व कारखाने यांवर पैसा ओतण्याच्या तयारींत होता. वर्षानुवर्षें तिजोरीच्या दाराशीं राखण केलेल्या माणसाला तें दार उघडणें जमेल काय? या दोन्ही शंकांचीं उत्तरें देशमुखांच्या पूर्वचरित्रांत सांपडतात. म्हणून आधीं तिकडे वळलें पाहिजे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत, महाडजवळच्या नाते या गांवीं झाला. रायगडाच्या वाटेवरचें हें गांव. वडील वकिली करीत. बालपण रोह्यास गेलें. १९१२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत ते पहिले आले आणि संस्कृतासाठीं असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत त्यांनीं अभ्यास केला तो मात्र अर्थशास्त्राचा नव्हे. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९१८ च्या सनदी नोकरीच्या परीक्षेंत ते पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले. संस्कृत काव्याची गोडी त्यांना आयुष्यभर राहिली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनीं मराठी पद्यांत अनुवाद केला आणि पुढें स्वतःहि संस्कृतांत काव्यरचना केली. काव्याची आवड आणि आंकड्यांची शिस्त हीं एकाच माणसांत सुखानें नांदूं शकतात, याचें हें एक उदाहरण होय.

नोकरीचीं पहिलीं वीस वर्षें मध्यप्रांत व वऱ्हाडांत गेलीं. त्यांतील एक काम विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, तें जमाबंदी अधिकाऱ्याचें. जमाबंदी म्हणजे गांवोगांवची जमीन पाहून, तिचा कस ठरवून, पाऊसपाणी आणि पिकांचे भाव यांचा हिशेब करून पुढील अनेक वर्षांसाठीं शेतसारा मुक्रर करणें. या कामांत चूक झाली तर ती कागदावर राहत नाहीं. ती कुणब्याच्या घरांत शिरते. जो आंकडा अधिकारी संध्याकाळीं आपल्या तंबूंत लिहितो, तो भरण्यासाठीं कुणाला तरी बैल विकावा लागतो. ज्याला लोकांची नाडी कळणार नाहीं अशी शंका घेतली जावी, त्या माणसाची सरकारी कारकीर्द अशा कामांतून वर आली होती. तो प्रत्यय जाहीर सभांतून येणाऱ्या प्रत्ययाहून निराळा खरा, पण पोकळ नव्हे.

पुढें ते प्रांताचे अर्थचिटणीस झाले. १९३१ सालीं लंडनला भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळीं त्यांनीं चिटणीसाचें काम केलें. १९३५ च्या कायद्यान्वयें प्रांतांना स्वायत्तता मिळावयाची होती; पण पैशाविना स्वायत्तता म्हणजे पाण्याविना विहीर. मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नांतून प्रांतांना कोणता वांटा द्यावा याची चौकशी सर ऑटो नीमायर यांनीं केली, आणि मध्यप्रांताची बाजू मांडणारें निवेदन देशमुखांनीं तयार केलें. तें नांवाजलें गेलें. देशाच्या पैशाचे प्रश्न त्यांनीं दिल्लीहून खालीं पाहत अभ्यासले नव्हते, तर एका गरीब प्रांतांतून वर पाहत अभ्यासले होते, ही गोष्ट येथें लक्षांत घ्यावयाची.

१९३९ च्या जुलैमध्यें ते रिझर्व्ह बँकेंत आले. बँक स्थापन होऊन अवघीं चार वर्षें झालीं होतीं. दोन महिन्यांत युरोपांत महायुद्ध पेटलें. १९४१ च्या अखेरीस ते डेप्युटी गव्हर्नर झाले; फेब्रुवारी १९४३ मध्यें गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचें निधन झाल्यावर बँकेचा भार त्यांच्यावर आला, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. हा मान मोठा होता. पण तो ज्या घटकेस मिळाला ती घटका मोठी कठीण होती.

त्या काळीं देशांत पैशाची जी घडामोड चालली होती ती नीट समजून घेतली, म्हणजे देशमुखांची पुढची सारी भूमिका उलगडते. युद्धासाठीं ब्रिटिश सरकार हिंदुस्थानांतून कापड, ताग, चामडें, धान्य, तंबू, बूट अशी नाना प्रकारची सामुग्री खरेदी करी. या मालाची किंमत लंडनमध्यें, स्टर्लिंगच्या रूपानें, रिझर्व्ह बँकेच्या खातीं जमा होई. परंतु नागपूरच्या गिरणीला किंवा पंजाबांतल्या शेतकऱ्याला लंडनमधील जमेचा काय उपयोग? त्यांना येथें रुपये हवेत. म्हणून त्या स्टर्लिंगच्या तारणावर बँक येथें नोटा काढी आणि त्या नोटांनीं मालाचे पैसे चुकते होत. म्हणजे माल देशाबाहेर जाई आणि त्याच्या जागीं नोटा देशांत राहत.

१९३९ ते १९४५ या सहा वर्षांत प्रचारांतील नोटा सहा पटींहून अधिक झाल्या. ठोक भाव जवळजवळ अडीचपट चढले. दुसऱ्या बाजूस लंडनमधील जमा फुगत फुगत सुमारे १,७०० कोटी रुपयांपर्यंत गेली. पिढ्यान् पिढ्या इंग्लंडचा ऋणको असलेला हिंदुस्थान वहींतल्या आंकड्यांपुरता त्याचा सावकार बनला. प्रत्यक्षांत या सावकाराच्या घरांत धान्य मिळेना. १९४३ सालीं बंगालमध्यें दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं. पण मजुराची मजुरी आणि तांदळाचा भाव यांच्यांत पडलेलें अंतर हें त्यांतलें एक प्रमुख कारण होतें. देशमुखांनीं गव्हर्नरपदाचीं सूत्रें हातीं घेतलीं तीं याच महिन्यांत.

नोटा वाढल्या म्हणजे सर्वांनाच पैसा अधिक मिळतो, मग बिघडलें कोठें, असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. परंतु पैसा सर्वांकडे एकाच वेळीं व एकाच प्रमाणांत येत नाहीं. कंत्राटदाराकडे तो आधीं येतो. साठेबाजाचा माल पडल्या पडल्या महाग होतो. ज्याच्याकडे जमीन वा सोनें आहे तो तरतो. गिरगांवांतल्या चाळींत राहणाऱ्या ठराविक पगाराच्या कारकुनाचा विचार केला, तर त्याचा पगार कागदावर तसाच राहतो आणि धोतरजोडी, रॉकेल व ज्वारी मात्र महिन्यागणिक त्याच्या हातांतून निसटतात. निवृत्तिवेतनावर जगणारा म्हातारा, पोस्टांत चार पैसे ठेवणारी विधवा आणि धान्यावर नव्हे तर रोख मजुरीवर राबणारा शेतमजूर, यांच्यावर हा एक करच बसतो. तो कर कोणत्याहि विधिमंडळानें मंजूर केलेला नसतो, त्याची पावती मिळत नाहीं, आणि तो श्रीमंतापेक्षां गरिबाकडून अधिक वसूल होतो.

रिझर्व्ह बँकेला ही भाववाढ थांबवितां आली नाहीं. कर्जरोखे खपवून व सोनें विकून बाजारांतील जादा पैसा शोषून घेण्याचे प्रयत्न झाले. पण युद्धाचा खर्च ठरविणें बँकेच्या हातीं नव्हतें. देशमुखांना या वर्षांनीं शिकविलेला धडा असा कीं, नोटा छापण्याची सोय ज्याच्या हातीं असते त्याला ती फुकटची वाटते. तिचें मोल मात्र दुसराच कुणी देत असतो. अर्थमंत्री झाल्यावर त्यांचा जो स्वभाव काहींना कडक आणि रुक्ष भासला असेल, त्याचें मूळ या धड्यांत आहे.

जुलै १९४४ मध्यें अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली आणि तींतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक या संस्था निघाल्या. हिंदी शिष्टमंडळाचे नेते सर जेरेमी रेझमन होते; देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे त्यांतले सभासद. लंडनमध्यें अडकलेल्या आपल्या जमेची सोडवणूक या नव्या निधीमार्फत व्हावी, असा आग्रह शिष्टमंडळानें धरला. ब्रिटनचे प्रतिनिधि लॉर्ड केन्स यांनीं, हा दोन देशांचा आपसांतला व्यवहार आहे, असें म्हणून तो मान्य केला नाहीं. तथापि निधींत हिंदुस्थानचा वांटा ४० कोटि डॉलर ठरला, आणि रशियानें निधींत भाग न घेतल्यामुळें पहिल्या पांच मोठ्या वांटेकऱ्यांत हिंदुस्थानची गणना झाली. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीं तीन वर्षें मिळालेलें हें स्थान साधें नव्हतें.

गव्हर्नरपदाच्या शेवटच्या वर्षांत एका घराच्या दोन वाटण्या करण्याचें अवघड काम आलें. फाळणीनंतर कांहीं काळ एकच रिझर्व्ह बँक दोन्ही देशांचें चलन सांभाळीत होती. ३० जून १९४८ पर्यंत ही व्यवस्था चालली आणि दुसऱ्या दिवसापासून पाकिस्तानची स्वतंत्र मध्यवर्ती बँक सुरू झाली. दोन सरकारांत पैशावरून तीव्र कटुता होती. अशा वेळीं दोघांचाहि हिशेब ज्याच्या वहींत आहे त्याला केवळ हुशारीवर भागत नाहीं. निःपक्षपाताची ख्याति लागते. १ जानेवारी १९४९ रोजीं खाजगी भागधारकांची रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, तीहि देशमुखांच्याच कारकीर्दींत. त्याच वर्षीं बँकांच्या व्यवहारावर देखरेख ठेवणारा कायदा झाला. बँकेचें संशोधन व सांख्यिकी खातें १९४५ मध्यें आणि तिचें मासिक पत्रक १९४७ मध्यें सुरू झालें. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ पासून अध्यक्ष होते. आधीं मोजावें, मग बोलावें, ही केंब्रिजच्या प्रयोगशाळेंतली संवय त्यांनीं अशी संस्थांच्या रूपानें पेरली.

३० जून १९४९ रोजीं ते बँकेंतून बाहेर पडले. कांहीं काळ भारताचे आर्थिक प्रतिनिधि म्हणून त्यांनीं परदेशांत काम केलें. मार्च १९५० मध्यें सरकारनें योजना आयोग स्थापन केला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू अध्यक्ष आणि देशमुख त्याचे एक सभासद. याच आयोगावरून अर्थमंत्री डॉ. जॉन मथाई यांचा सरकारशीं मतभेद झाला. आयोग हें दुसरें मंत्रिमंडळच होऊन बसेल, आणि खर्चावर जो अर्थखात्याचा अंकुश असावयास हवा तो ढिला पडेल, असें मथाईंना वाटे. त्यांनीं राजीनामा दिला आणि त्यांच्या जागीं देशमुख आले.

या बदलाचें मर्म असें कीं, ज्या दोन बाजूंमध्यें भांडण होतें त्या दोन्ही बाजू एकाच माणसांत एकत्र आल्या. खर्चाची योजना आंखणाऱ्या मंडळांत जो बसत होता, त्याच्याच हातीं खर्चाला पैसा पुरविण्याचें व प्रसंगीं नाकारण्याचें काम आलें. हा योग सोपा नव्हता. योजनेचा पक्ष घेतला तर रुपयाशीं बेइमानी, रुपयाचा पक्ष घेतला तर योजनेशीं. देशमुखांनीं हा पेंच कसा सोडविला, तेंच त्यांच्या दृष्टीचें सार होय.

त्यांच्या विचारांत भावांची स्थिरता आणि देशाची उभारणी हीं एकमेकांचीं शत्रु नव्हतीं. धरण बांधतांना आज मजुराला मजुरी द्यावी लागते. पाणी मात्र पांच-सात वर्षांनीं येतें. त्या मधल्या काळांत मजुराच्या हातीं पैसा असतो, पण त्या पैशानें घेण्याजोगें नवें धान्य वा कापड बाजारांत आलेलें नसतें. हा पैसा जर करांतून व लोकांच्या बचतींतून उभा केला असेल, तर एकानें कमी खर्च केल्यामुळें दुसऱ्याला वाट मिळते आणि भाव हलत नाहींत. तो जर केवळ नोटा छापून उभा केला, तर युद्धकाळची तीच कहाणी पुन्हा घडते. यावरून निघणारा सिद्धान्त साधा आहे. उभारणीसाठीं कर द्या, बचत करा, कर्जरोखे घ्या. आणि नोटांचा आधार घ्यावाच लागला तर तो मोजून घ्या.

मोजून म्हणजे किती, यालाहि त्यांच्या पूर्वानुभवांत उत्तर होतें. युद्धांत माल बाहेर गेला, लंडनमध्यें स्टर्लिंग साठलें आणि येथें नोटा वाढल्या. आतां हेंच रहाट उलट फिरवितां येण्यासारखें होतें. साठलेलें स्टर्लिंग खर्चून परदेशांतून यंत्रें व धान्य आणलें, तर तो माल विकत घेतांना येथले रुपये परत गोळा होतात. जेवढे असे परत येतील, तेवढेच सरकारनें तुटीच्या मार्गानें खर्च केले तर एकूण पैशाचें प्रमाण बिघडत नाहीं. पहिल्या पंचवार्षिक योजनेंत तुटीच्या अर्थभरण्याची रक्कम २९० कोटि रुपये धरली गेली ती याच हिशेबानें, स्टर्लिंगच्या साठ्यांतून जेवढें काढतां येईल त्याच्या बेतानें. १९४३ मध्यें ज्या व्यवहारानें देशाला होरपळलें, त्याच व्यवहाराची उरलेली जमा आतां देशाच्या कामीं लावावयाची होती.

प्रत्यक्ष कसोटी मात्र योजनेची वाट पाहत थांबली नाहीं. देशमुख अधिकारावर येतांच, जून १९५० च्या अखेरीस, कोरियांत युद्ध सुरू झालें आणि जगभर कच्च्या मालाचे भाव भडकले. सप्टेंबर १९४९ मध्यें भारतानें रुपयाचें अवमूल्यन केलें होतें, पाकिस्तानानें केलें नव्हतें. त्यामुळें ताग व कापूस यांचा शेजारचा व्यापार कुंठित झाला होता. धान्याची टंचाई इतकी होती कीं, १९५१ सालीं अमेरिकेकडून २० लाख टन धान्यासाठीं कर्ज घ्यावें लागलें. अशा वर्षीं त्यांनीं आपलें पहिलें अंदाजपत्रक मांडलें. त्यांत लोकप्रिय होण्यासारखें थोडें होतें. करांचें ओझें वाढलें. नोव्हेंबर १९५१ मध्यें रिझर्व्ह बँकेनें आपला व्याजाचा दर ३ वरून ३½ टक्क्यांवर नेला. १९३५ नंतर त्या दरांत झालेली ही पहिलीच वाढ. पुढल्या कांहीं महिन्यांत चढलेले भाव खालीं आले. पहिली योजना १९५६ मध्यें संपली तेव्हां राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनीं वाढलें होतें, आणि भावपातळी आरंभापेक्षां खालीं होती. यांत चांगल्या पावसाचा व जगांतील भावांच्या उताराचा वांटा फार मोठा होता, आणि तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु चांगला पाऊस आला असतां तो वायां न घालविणें, हेंहि अर्थमंत्र्याच्या कर्तबगारींतच मोडतें.

राष्ट्रीयीकरणाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका पंथाभिमान्याची नव्हती. मालकी सरकारची असावी कीं खाजगी, हें त्या त्या धंद्याचें काम पाहून ठरवावें, असा त्यांच्या कृतीवरून अर्थ निघतो. खेड्यांत पतपुरवठा पोंचत नाहीं असें ग्रामीण पतपाहणीच्या अहवालानें दाखवून दिल्यावर, १ जुलै १९५५ रोजीं इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पांच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर टाकण्यांत आली. १९ जानेवारी १९५६ रोजीं आयुर्विम्याचा धंदा सरकारनें हातीं घेतला, आणि हा निर्णय लोकांना सांगण्यासाठीं अर्थमंत्री स्वतः नभोवाणीवरून बोलले. देशांत लहानमोठ्या २४५ विमासंस्था होत्या. ज्या गृहस्थाच्या पेटींत विम्याचा एक कागद जपून ठेवलेला असे, त्याला तो निर्णय घरबसल्या मंत्र्याच्याच तोंडून ऐकावयास मिळाला.

त्यांच्या वृत्तीचा आणखी एक नमुना सांगण्याजोगा आहे. १९५३ सालीं देशांतील करपद्धतीची समग्र चौकशी करण्यासाठीं आयोग नेमला गेला, त्याचें अध्यक्षपद डॉ. जॉन मथाई यांच्याकडे आलें. आणि नव्या स्टेट बँकेचे पहिले अध्यक्षहि मथाईच झाले. ज्यांनीं मतभेदानें खुर्ची सोडली त्यांनाच त्या खुर्चीवर नंतर बसलेल्या माणसाच्या कारकीर्दींत अशीं कामें सोंपविलीं जावीं, यांत दोघांचीहि शोभा आहे.

या चित्राला दुसरी बाजूहि आहे. दुसरी योजना आंखली गेली तेव्हां तिच्यांत तुटीचा अर्थभरणा १,२०० कोटि रुपयांचा धरण्यांत आला, आणि स्टर्लिंगच्या साठ्यांतून मिळावयाचे होते ते केवळ २०० कोटि. पहिल्या योजनेचें माप येथें पार मागें पडलें. अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉय यांनीं १९५५ सालींच या बेताविरुद्ध आपली भिन्न मतपत्रिका जोडली होती. देशमुख त्या वेळीं अर्थमंत्री होते. म्हणून या धाडसाच्या जबाबदारींतून त्यांना मोकळें करतां येत नाहीं. १९५७ मध्यें परदेशी चलनाची जी तीव्र टंचाई देशाला जाणवली, ती ते पदावरून गेल्यावरची. पण तिचें बीज आधींचें होतें. राखणदार कितीहि जागरूक असला तरी घरांतल्या सर्वांनींच दार उघडावयाचें ठरविलें म्हणजे त्याच्या एकट्याच्या सावधगिरीला मर्यादा पडते. पक्षाचें पाठबळ नसलेल्या मंत्र्याच्या बाबतींत ही मर्यादा अधिकच जाणवते.

तथापि ज्याला पक्ष नाहीं त्याला एक मोकळीकहि असते, आणि तिचा प्रत्यय १९५६ मध्यें आला. १९५२ च्या निवडणुकींत देशमुख काँग्रेसतर्फे कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले होते. पहिल्या शंकेचा एक भाग तेथें गळून पडला होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळीं मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून मध्यवर्ती सरकारच्या ताब्यांत ठेवण्याचा बेत जाहीर झाला. मुंबईंत निदर्शनें झालीं, गोळीबार झाला, माणसें मेलीं. हा निर्णय ज्या रीतीनें घेतला गेला ती रीति, आणि गोळीबाराची चौकशी करण्यास झालेला नकार, या दोन्ही गोष्टी देशमुखांना मान्य झाल्या नाहींत. जुलै १९५६ मध्यें त्यांनीं मंत्रिपद सोडलें आणि लोकसभेंत आपलीं कारणें स्पष्ट सांगितलीं. मुंबईसह महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. तोंवर ते दिल्लींत विद्यापीठ अनुदान आयोगाचें काम पाहत होते. २ ऑक्टोबर १९८२ रोजीं त्यांचें निधन झालें.

अर्थमंत्र्याच्या नेमणुकीच्या वेळीं त्याच्याविषयीं ज्या शंका घेतल्या जातात त्यांचा निकाल अंदाजपत्रकाच्या पहिल्या दिवशीं लागत नाहीं. देशमुखांच्या बाबतींत लोकांची नाडी कळेल काय, या प्रश्नाचें उत्तर जमाबंदीच्या तंबूंत आणि १९४३ च्या भावांच्या कोष्टकांत आधींच लिहिलेलें होतें. तिजोरीचें दार उघडणें जमेल काय, याचें उत्तर पहिल्या योजनेनें होकारार्थी दिलें आणि दुसरीनें त्या होकाराची किंमत दाखविली. रुपया हा सरकारनें प्रत्येक नागरिकाला दिलेला शब्द आहे, आणि तो मोडला असतां सर्वांत आधीं ज्याची हांक कुणाच्या कानीं जात नाहीं त्याचें नुकसान होतें, एवढी गोष्ट ज्याला युद्धाच्या आंचेंत उमगली, असा मनुष्य देशाच्या उभारणीच्या पहिल्या वर्षांत त्या खुर्चीवर होता. पुढें त्या खुर्चीवर जे जे बसले, त्यांना हाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडावा लागला आहे. म्हणून नवा अर्थमंत्री येईल तेव्हां करांचा प्रश्न गृहस्थानें अवश्य विचारावा. परंतु त्याबरोबरच योजिलेला खर्च कोणाच्या बचतींतून होणार आणि कोणाच्या नकळत होणार, हाहि प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी.